टॅक मारताना काच न लावल्यास डोळे जातात का, आणि वेल्डिंगला हात कसा बसतो?

तुम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळच्या एका ग्रिल-गेटच्या दुकानात काम शिकत आहात, मिस्त्री टॅक (तुकडे जागेवर धरून ठेवणारा वेल्डिंगचा छोटा टाका) मारताना डोळ्यांपुढे वेल्डिंगची काळी काच लावत नाहीत व तुम्हालाही तसेच करायला सांगतात, आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. यामुळे दृष्टी जाते का आणि वेल्डिंगची रेघ एकसारखी कशी येईल, असे तुम्ही विचारले आहे. मी याच भागात उसाच्या ट्रॉल्या बांधण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात बरीच वर्षे आहे. माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ज्याला काचेतून वितळलेला धातू नीट दिसत नाही तोच काच बाजूला करतो, आणि ज्याला तो दिसत नाही त्याची रेघही सरळ येत नाही.

आर्कमधून, म्हणजे वेल्डिंगच्या रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या झोतातून, दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अतिनील आणि अवरक्त किरणही निघतात. अतिनील किरणांनी कॉर्नियावरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा, पेशींचा पातळ थर भाजतो. मात्र त्या पेशी गळून पडायला काही तास जातात, म्हणून काम करताना काहीच जाणवत नाही आणि सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, आग सुरू होते. हा थर साधारण एक-दोन दिवसांत भरून येतो. म्हणूनच ‘काही होत नाही’ असा समज दुकानादुकानांत पक्का झाला आहे. परंतु आर्ककडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली, तर ती भरून येईलच असे नाही. टॅक क्षणभराचा असतो हे खरे, पण दिवसभरात मारलेल्या सगळ्या टॅकांचा मारा एकाच कॉर्नियावर साठत जातो.

आग होत असताना बटाट्याचे काप, गुलाबपाणी किंवा दूध डोळ्यांत अथवा डोळ्यांवर घालू नका; भाजलेल्या जागी त्यातून जंतू जाऊ शकतात. डोळा बधिर करणारे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वापरणे त्याहून घातक आहे, कारण ते वारंवार घातल्यास कॉर्निया भरून येत नाही. डोळे न चोळता अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्या. एक दिवस उलटूनही दुखणे राहिले, धूसर दिसू लागले किंवा एकाच डोळ्यात टोचत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवे. एकाच डोळ्यात टोचत असेल तर बहुधा ग्राइंडरचा कण रुतलेला असतो, आणि लोखंडाचा कण तिथेच राहिला तर त्याभोवती गंज धरतो.

आता काचेविषयी. ग्रिलच्या कामात अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर आणि ३.१५ चा ९० ते १३० वर चालतो. त्यासाठी १० नंबरची काच घ्यावी. काम संपल्यावर डोळ्यांपुढे ठिपके तरळत असतील तर त्याहून गडद ११ नंबरची लावा. काळ्या काचेपुढची साधी पांढरी काच ठिणग्यांनी खरखरीत झाली की आतले काही दिसत नाही. ती अगदी स्वस्त मिळते, तरीही आपल्याकडे ती महिनोन्महिने बदलली जात नाही आणि शिकणाऱ्याला वाटते की आपली नजरच कमी आहे. दोन्ही हात मोकळे हवे असतील तर आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्या. चांगल्या हेल्मेटची काच उजळ असतानाही अतिनील आणि अवरक्त किरण अडवते, त्यामुळे टॅकसाठी काच उचलण्याचे कारणच उरत नाही. फक्त अडचणीच्या जागी एखाद्या पाइपाआड त्याचा सेन्सर झाकला जाणार नाही हे पाहा. आत पारदर्शक गॉगल असावाच, कारण स्लॅग, म्हणजे रेघेवर जमणारी कडक खपली, झाडताना हेल्मेट वर असते आणि गरम स्लॅगचा तुकडा सरळ डोळ्याकडे उडतो.

शेजाऱ्याचे डोळेही आपल्याच जबाबदारीचे आहेत. आमच्याकडे आर्क काढण्यापूर्वी ‘डोळे’ किंवा कानडीत ‘कण्णु’ अशी हाक देण्याची शिस्त मी लावली आहे. दुकान रस्त्यालगत असेल तर पडदा लावा. येणारी-जाणारी मुले थांबून हमखास आर्ककडे पाहतात.

हात बसण्यासाठी आधी गेटवर नव्हे, तर सहा मिलिमीटरच्या भंगार पट्टीवर शेजारी शेजारी रेघा ओढा. कोपर टेकवा, रॉडचे टोक जागेवर आणा, मग काच खाली घ्या आणि काडी ओढल्यासारखे घासून आर्क काढा. ही क्रिया अंगवळणी पडली की टॅकही काचेतूनच अचूक बसतो. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीइतकीच ठेवा. ती वाढली की आवाज फटफटतो आणि ठिणग्या उडतात. ती योग्य असली की भजी तळताना येतो तसा सलग आवाज येतो. रॉड पुढे चालण्याच्या दिशेने १०-१५ अंश कलता धरा आणि नजर लखलखणाऱ्या टोकावर न ठेवता त्यामागच्या वितळलेल्या डबक्याच्या कडांवर ठेवा. डबके दोन्ही तुकड्यांच्या कडांना भिडताना दिसले की पुढे सरका. घाई केली तर रेघ बारीक आणि उंच राहते, रेंगाळलात तर पातळ पाइपाला भोक पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड ओल धरतात, तेव्हा दोष हाताला देण्यापूर्वी कोरडे रॉड लावून पाहा.

रेघ दिसायला सुंदर असली तरी सांधा पक्का असेलच असे नाही. दोन तुकडे काटकोनात एकाच बाजूने जोडा, थंड झाल्यावर हातोड्याने सांध्यावर दुमडून तोडा आणि आत पाहा. मुळाशी पट्टीची मूळ कड न वितळता तशीच दिसली, तर अँपिअर कमी पडले किंवा आर्क लांब राहिला. ट्रॉलीच्या हुकासारखे वजन ओढणारे काम, ही चाचणी सातत्याने नीट उतरेपर्यंत, मी कोणत्याही शिकाऊ मुलाच्या हाती देत नाही. मिस्त्रींशी वाद घालू नका. स्वतःचे हेल्मेट घेऊन या आणि त्यातूनच टॅक मारा. शक्य असेल तर आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही करा, कारण दुकानात सहसा हाती न येणारे उभे आणि डोक्यावरचे वेल्डिंग तिथे पद्धतशीर शिकवतात.