रस्त्यावरचे प्रचारक "देव असलाच तर?" म्हणून अडवतात. पास्कलची पैज खरंच बिनतोड आहे का? त्यांना काय उत्तर द्यावं?

बिनतोड मुळीच नाही. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच गणितज्ञाची ही पैज अशी: देव मानला आणि तो नसला तर फारसं काही जात नाही, पण मानला नाही आणि तो असला तर सगळंच जातं, म्हणून मानलेलं बरं. पण हा प्रश्न मला रस्त्यात नंतर विचारला गेला, आधी घरात, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

लंडनला होतो तेव्हा रविवारी हाइड पार्कच्या स्पीकर्स कॉर्नरला जायचो. एकदा शिडीवर उभ्या ख्रिस्ती प्रचारकाने गर्दीतून नेमकं माझ्याकडे बोट केलं. "आज रात्री मेलास तर कुठे जाशील? मी चुकलो तर माझं काही जात नाही. तू चुकलास तर कायमचा नरक!" दहा पावलांवर एक मुस्लिम वक्ता बोलत होता. मी तिकडे हात करून म्हटलं, "तेही हेच सांगतायत. तुमचं ऐकलं तर त्यांच्या नरकात, त्यांचं ऐकलं तर तुमच्या. पैज लावू कुणावर?" त्याने आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझे हात थरथरत होते. मला समोर दादा दिसत होता.

आई आजारी होती तेव्हा दादाने शांतीची पूजा काढली. मी नको म्हटलं. "तुला पटत नसेल, पण करून घ्यायला काय जातं? न करता काही झालं तर?" तीच पैज. मला उत्तर सुचलं नाही. पुढे आई गेली, तेव्हा दादा म्हणाला, "तू मनापासून बसला नाहीस."

"काही जात नाही" हे धडधडीत खोटं आहे. दुसरी गोम अनंतात आहे. लाभ अनंत धरला की शक्यता कितीही कमी असो, गुणाकार अनंतच येतो. मग नाणं उडवून "छापा पडला तरच मानेन" असं ठरवलं, तरी अपेक्षित लाभ अनंतच! सगळ्या पर्यायांना एकच किंमत देणारं गणित निवड कशी करणार? तत्त्वज्ञ निक बोस्ट्रम यांनी २००९ मध्ये दाखवलं, की असं गणित मानणाऱ्याला शस्त्र घरी विसरलेला चोरही लुटू शकतो. नुसतं "उद्या अफाट परतफेड करीन" म्हणायचं, की पाकीट हातात.

पास्कलवर मात्र राग नाही. ही पैज त्याच्या ज्या टिपणांत आहे, ती त्याच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये छापली गेली; त्यांत तोच कबूल करतो, की नुसत्या युक्तिवादाने श्रद्धा येत नाही. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या अपण्णक सुत्तातही अशीच मांडणी आहे, पण तिथे पैज सदाचरणावर आहे. परलोक नसला तरी नीट वागणाऱ्याची शहाणी माणसं इथेच स्तुती करतात. ही पैज मला मान्य आहे. आणि प्रचारकांची तोंडं बंद करा असंही मी म्हणणार नाही. वेकफील्ड कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर प्रचार करणाऱ्या बाईंना दोषी ठरवणारा निकाल इंग्लंडमधल्या वरच्या न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केला, ते योग्यच झालं.

रस्त्यावरच्या माणसाशी वाद घालत बसू नका, पुढे चला. घरातलं माणूस "काय जातं?" म्हणालं, तर तिथल्या तिथे कागद काढून काय काय जातं ते लिहायला लावा. मी ते केलं नाही. औषधांचे पैसे गेले, आईला चार तास गाडीत बसवून नेलं, आणि त्या सकाळी उपास म्हणून तिने गोळीही घेतली नव्हती. दादा ते अजूनही धरायला तयार नाही.