अठ्ठावन्ननंतरची नोकरी: सही करण्याआधी

कंपनी ‘आता सल्लागार म्हणून राहा’ म्हणाली की लगेच हुरळून जाऊ नका. त्या एका शब्दात पीएफ, पुढची ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि बहुधा गटविमाही जातो. वर फीमधून साधारण 10 टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापतात. म्हणून जुना पगार नव्हे, कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च धरून आकडा मागा. आधीची ग्रॅच्युइटी अगोदर पदरात पाडून घ्या: शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे.

पगारावरच राहिलात, तर कंपनीच्या पीएफ वाट्यातून पेन्शन योजनेकडे जाणारे पगाराचे 8.33 टक्के वयाची 58 पूर्ण झाल्यावर सहसा पीएफमध्येच यायला हवेत. हा बदल करायचा राहून जातो, म्हणून पीएफचे पासबुक दरमहा बघा. निकड नसेल तर पेन्शन 60 पर्यंत लांबवा. दर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते.

आरोग्यविमा मात्र नोकरीत असतानाच स्वतःचा घ्या. जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

आणि मुलाखतीत ‘तरुण साहेबाच्या हाताखाली जमेल का?’ हे विचारले जाईलच. रागावू नका, अलीकडे शिकलेले एखादे सॉफ्टवेअर सांगा.