बायबलमधलं हरवलेलं गाव सापडलं, हे पुरातत्त्वज्ञ नक्की कशावरून ठरवतात?

नुसत्या नावाच्या साम्यावरून नाही. गिबोनचं उदाहरण घ्या. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य जिथे थांबला म्हणतात, ते हे नगर. जेरुसलेमच्या वायव्येला साधारण १० किलोमीटरवर अल-जीब नावाचं गाव आहे. अमेरिकी बायबल-अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ मध्येच म्हटलं होतं की 'जीब' हे 'गिबोन'चंच झिजलेलं रूप. पण सगळ्यांना ते पटलं नव्हतं.

मग १९५६ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जेम्स प्रिचर्ड तिथे खोदू लागले. खडकात कोरलेली एक प्रचंड गोल विहीर मातीने बुजलेली होती. कडेने पायऱ्या उतरत जातात, एकूण ७९, थेट पाण्यापर्यंत. त्या भरावात मडक्यांचे तुटलेले कान निघाले आणि त्यांवर प्राचीन हिब्रू लिपीत कोरलं होतं: गिबोन! एक-दोन नव्हे, अनेक.

आता रास्त शंका अशी की मडकं तर कुठूनही येऊ शकतं. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. जवळच खडकात खोदलेली द्राक्षारसाची तळघरं सापडली, आणि मडक्यांची मातीची बुचं व एक नरसाळंसुद्धा. म्हणजे मडकी इथेच भरली जात आणि नाव घालून बाहेर पाठवली जात.

शौल राजाच्या घराण्याचा सेनापती अबनेर आणि दावीदाचा सेनापती यवाब यांची माणसं गिबोनच्या तळ्याकाठी समोरासमोर बसली, असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ते तळं म्हणजे हीच विहीर, हे मात्र इतक्या ठामपणे सिद्ध होत नाही. गावाची ओळख पक्की झाली, म्हणून तिथली प्रत्येक कथा खरी ठरत नाही.