बंकखाली पाणी आलं म्हणून खिडकीला सिलिकॉन लावू नका

तुम्ही विचारलंय की पाऊस झाला की ट्रकच्या स्लीपर केबिनमधल्या (सीटमागे झोपायची सोय असलेल्या) खालच्या बंकची, म्हणजे झोपायच्या फळीवरची, गादी डोक्याकडून भिजते, तर बाजूच्या खिडकीच्या रबराला कुठलं सिलिकॉन लावावं. कुठलंच नाही. गादीशेजारी खिडकी आहे म्हणून पाणी तिथूनच येतंय, हे तुम्ही न बघताच ठरवून टाकलंय. माझ्या जोडीदारानेही हेच केलं होतं, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

आम्ही दोघं एकच गाडी आलटूनपालटून चालवायचो. एक स्टिअरिंगवर, दुसरा मागे झोपलेला. ओल्या गादीवर अंग टाकायचं आणि पाठ धरलेली असताना उठून पुन्हा गाडी हाकायची, हे ज्याने केलंय त्याला माझा राग कळेल. बंकचं प्लायवूड फुगलं, कपड्यांना कुबट वास सुटला. जोडीदाराने सिलिकॉनची ट्यूब आणून खिडकीभोवती फिरवली. पुढच्या पावसात पुन्हा ओल. मग छताच्या जोडावर, मग सामानाच्या कप्प्याच्या दारावर, आणि शेवटी वर चढून छतावरच्या सगळ्या दिव्यांभोवती गोल थापलं. त्यानंतर पाणी वाढलं.

मी पहिल्यापासून म्हणत होतो की पाणी वरून येतंय. भिंतीचं अस्तर दाबून पाहिलं तर ते खिडकीच्याही वर ओलं लागत होतं. खिडकीतून शिरलेलं पाणी वर कसं चढेल? तरी वाद संपेना. अखेर एका मुक्कामी मी गादी बाहेर काढली, भिंतीचं अस्तर आणि छताचं आवरण सोडवलं, आतला पत्रा पुसून कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. जोडीदाराला पाइप देऊन बाहेर उभं केलं, मी टॉर्च घेऊन आत. पाण्याला जोर नको, साधी धार. आणि सुरुवात खालून: खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, प्रत्येक जागी काही मिनिटं थांबून. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही.

खिडकी कोरडी. छताचा जोड कोरडा. मग कडेच्या एका दिव्यावर धार धरली. बराच वेळ काही नाही, आणि नंतर पावडरीत रेघ उमटायला लागली. दिव्याच्या वायरच्या भोकातून निघालेलं पाणी छताच्या आडव्या पट्टीवरून सरकत पार दुसऱ्या बाजूला गेलं आणि तिथल्या खांबाच्या आतून बंकच्या डोक्याशी उतरलं. दिवा एका बाजूला, ओल दुसऱ्या बाजूला. गाडी जिकडे कललेली उभी असेल तिकडे पाणी जाणार.

दिव्याच्या प्लास्टिकला बारीक चीर होती. तिच्यातून आत गेलेलं पाणी आधी बरंचसं दिव्याच्या खालच्या कडेने बाहेर पडायचं. सिलिकॉनने ती वाट बुजवली आणि पाण्याला वायरचं भोक तेवढं उरलं. असे दिवे वरून आणि दोन्ही बाजूंनी सील करायचे, खालची कड मोकळी सोडायची.

दिवा बदलायला वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो सिलिकॉन खरवडण्याने. त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर वाळताना आम्ल सोडतं. आमच्या दिव्याखाली रंग उचलला होता आणि पत्र्याला गंज धरला होता. गंज घासला, प्रायमर मारला, दिव्याखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वायरला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारं कडं) घातलं. पत्र्यांच्या जोडांना पॉलियुरेथेन सीलंट लावलं. केबिन चालताना सतत पिळवटत असते, त्यामुळे जोडातला माल पत्र्याला घट्ट धरणारा आणि लवचीकही हवा. जोडीदार अजून सांगतो की मधे एकदा त्याच्या सिलिकॉनने गळती थांबली होती. त्या दिवसांत पाऊसच नव्हता.

तुमच्या गाडीत धार धरल्यावर खिडकीच निघाली, तर कडक झालेलं रबर बदला. नाही निघाली तर छतावरच्या डिफ्लेक्टरचे (वारा वळवणाऱ्या पंख्यासारख्या आवरणाचे नव्हे, तर पत्र्याचे) बोल्ट, अँटेना, हॉर्नची हवेची नळी, जोडातलं तडकलेलं जुनं सीलंट, पुढच्या काचेचे कोपरे, असं एकेक बघत चला. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर बसत नाही. मदतीला कोणी नसेल तर दारं-खिडक्या लावून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण जोरात ठेवा आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारा. फट असेल तिथे बुडबुडे येतात.

प्रेशर वॉशरने मात्र तपासू नका, चांगल्या रबरातूनही तो पाणी आत ढकलतो. पुढची काच चिकटवलेली असेल आणि ती गळत असेल तर काचवाल्याकडेच जा. पायाशी ओल आणि एसी चालू असेल तर आधी एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे का ते बघा. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते हीटरचं कूलंट आहे.

आणि पाऊस नसतानाही थंडीत गादी खालून ओलसर लागत असेल तर ते श्वासाचं दव असू शकतं. मग गादीखाली हवा खेळती ठेवा. जोडीदाराचं दुसरं म्हणणं हेच होतं. पण दवाचं पाणी स्वच्छ असतं आणि उघड्या पत्र्यावर सगळीकडे धरतं. गळतीचं पाणी वाटेतली धूळ घेऊन येतं आणि वाळल्यावर डागाला तपकिरी कड ठेवतं. आमच्या गादीवर अशा कडा एकात एक होत्या, आणि त्या मी त्याला तेव्हाच दाखवल्या होत्या.