बाळाची पहिली नवरात्र-दिवाळी: सुरुवातीला एवढंच बघा

अभिनंदन! दोन महिन्यांच्या बाळासोबतही सण छान होतात, फक्त एका दिवशी एकच कार्यक्रम ठेवा. सकाळी देवी, दुपारी आत्याकडे, संध्याकाळी भोंडला असं केलं की दुधाच्या आणि झोपेच्या वेळा विस्कटतात, मग रात्रभर रडारड.

देवीदर्शनाला अष्टमी नको. मधल्या वारी सकाळी लवकर, दूध पाजून निघा. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर भाजतं. जरीचं झबलं टोचतं, आत मऊ सुती घाला.

चुका जास्त होतात त्या इथे:

- अभ्यंगस्नान: उटणं नको, कोवळ्या त्वचेवर पुरळ उठतं. साधं तेल पुरे. पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघा. फक्त कोमट हवं. पहाटेचा हट्ट सोडा, ऊन वर आल्यावर घाला.
- बोटावरचं चाटण: कोजागिरीचं दूध, बासुंदी काहीच नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मध तर वर्षभर नाही, त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. आजीला हे आधीच, प्रेमाने सांगून ठेवा.
- फटाके: अंधार पडायच्या आत घरी या, खिडक्या लावून आतल्या खोलीत बसा. फुलबाजीसुद्धा बाळाजवळ नको, धूर तिचाही होतो.

या वयात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसला, तर सण असो वा नसो, लगेच डॉक्टरांकडे जा.