नत्र सोळा किलो, हप्ते चोवीस लाख

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, गेल्या वर्षी खासगी नोकरीतून निवृत्त झालो. पानशेतच्या बॅकवॉटरजवळ दहा गुंठ्यांत घर बांधलंय. मी, पत्नी आणि आई तिथेच राहतो, शनिवार-रविवारी मुलगा-सून येतात. सांडपाण्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) काढणारं यंत्र एक कंपनी ४ लाख ८० हजारांत बसवून देते. खत आणि कार्बन क्रेडिट (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) धरून वर्षाला ६० हजार सुटतील, आठ वर्षांत पैसे वसूल, असं ते म्हणतात. २५ हजार टोकन दिलंय. उरलेल्या रकमेसाठी एफडी मोडू की सोनेतारण कर्ज घेऊ? एफडी २६ लाखांची आहे (पण त्यातूनच बँकेने 'एफडीपेक्षा चांगली' म्हणून दिलेल्या आयुर्विमा पॉलिसीचे वर्षाला ४ लाख जायचे आहेत, सातपैकी एक हप्ता भरला, पंधराव्या वर्षी ४८ लाख मिळतील). पेन्शन ४,२००, घरखर्च महिना ३२ हजार. कोथरूडचा फ्लॅट मुलगा कधीतरी राहायला येईल म्हणून बंद असतो.

उत्तर: यंत्राचं नंतर बोलू. तुम्ही जे कंसात उरकलंत, तेच तुमचं खरं दुखणं आहे.

२८ लाख भरायचे आणि ४८ लाख घ्यायचे. ऐकायला झकास! पण एकेक हप्ता सरासरी बारा वर्षं अडकून पडतो. परतावा पडतो साधारण साडेचार टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, तेही दर तिमाहीला हातात. ४८ लाख मिळतील तेव्हा तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेली असेल. निवृत्त माणसाला, ज्याच्या कमाईवर आता कुणाचं घर चालत नाही, त्याला सात वर्षांच्या हप्त्यांची आयुर्विमा पॉलिसी 'एफडीपेक्षा चांगली' म्हणून खपवणाऱ्यांबद्दल मी इथे छापण्याजोगं फार बोलू शकत नाही.

राहिलेले हप्ते सहा, म्हणजे २४ लाख. एफडी २६ लाख. हे दोन आकडे तुम्हीच एका कागदावर लिहिलेत आणि पुढे निघून गेलात. वर घरखर्च आहेच. वर्षाला खर्च ३.८ लाख, पेन्शन अर्धा लाख, सात टक्के धरून व्याज १.८ लाख. हप्त्यासकट पहिल्याच वर्षी मुद्दलातून साडेपाच लाख जातील. पुढच्या वर्षी व्याज कमी, म्हणून सहा लाख. पाचव्या वर्षी हप्ता भरायला पैसेच उरणार नाहीत आणि किराण्यालाही नाहीत. यंत्र घेतलंत तर हाच दिवस वर्षभर आधी येईल.

दुसरा हप्ता भरू नका. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायचे, ३० दिवस केव्हाच गेले असणार. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल, तर पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर ती बंद केल्यास काही सरेंडर रक्कम परत मिळते. किती, ते विमा कंपनीकडून लेखी मागवा. चार लाख पुरते मिळणार नाहीत, हे मनाशी धरून चाला. पण बुडीत चार लाखांमागे २४ लाख पाठवण्यात शहाणपण नाही. सोबत बँकेकडे आणि विमा कंपनीकडे फसवून विकल्याची तक्रार करा. त्यात 'एफडीपेक्षा चांगली' हे शब्द, तारीख, विकणाऱ्याचं नाव, व्हॉट्सअॅप संदेश सगळं द्या. दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही.

मग २६ पैकी २२ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. महिन्याला पडतील १५ हजार. चार लाख एफडीतच ठेवा, आईंचं वय पाहता ते लागतील. पेन्शन आणि या एफडीचं व्याज धरूनही महिन्याला दहा-अकरा हजारांची तूट राहते. ती कोथरूडच्या भाड्यातून आरामात निघेल. मुलगा कधीतरी राहायला येईल म्हणून फ्लॅट कुलपात ठेवणं तुम्हाला परवडत नाही.

आता यंत्र. तुमची कळकळ खरी आहे, पुणं पानशेतचं पाणी पितं आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. पण विक्रेत्याचा हिशोब तपासू.

माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण चार किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद जातं. तुमचं घर पाहुण्यांसकट चार माणसांचं धरा: सोळा किलो नत्र, दोन किलो स्फुरद. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे वीस किलो नत्र असतं आणि ती गोणी २६७ रुपयांना मिळते. म्हणजे तुमचं वर्षाचं नत्र दोनशे-सव्वादोनशे रुपयांचं. स्फुरद डीएपी खताच्या गोणीचा पाचवा भाग, पावणेतीनशे रुपये. पाचशे रुपयांचं खत झालं! अनुदान काढून खरा भाव लावला तरी दोन-तीन हजारांवर जात नाही. त्यातही असली यंत्रं नत्राचं खत करत नाहीत, बहुतेक नत्र वायू करून हवेत सोडतात. साठ हजार आले कुठून, ते विक्रेत्याला विचारा. मलाही कळवा.

उलट टाकीत हवा सोडणारा ब्लोअर आणि पंप दिवसाला आठ युनिट खातात असं धरलं तर वर्षाला तीन हजार युनिट, म्हणजे तीस हजार रुपये, आणि आपल्याकडच्या विजेच्या हिशोबाने दोन टन कार्बन डायऑक्साईड. नत्र हवेत सोडताना थोडा नायट्रस ऑक्साईडही निसटतो. तो शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट तापदायक. स्फुरद खाली बसवायला तुरटीसारखं रसायन घालायचं, मग तो गाळ टँकरने न्यायचा. कार्बन क्रेडिट तुम्ही कुणाकडून घ्यायचं की कुणाला द्यायचं, हाच प्रश्न आहे. गॅस जाळून कारखान्यात हवेतलं नत्र पकडायचं, त्याचा युरिया करायचा, आणि इकडे वीज जाळून तेच पुन्हा हवेत सोडायचं! त्यात दोन दिवस वीज गेली की यंत्रातले जिवाणू मरगळतात ते वेगळंच.

दोनशे फ्लॅटची सोसायटी मुळा-मुठेत पाणी सोडत असेल तर हा खर्च करायलाच हवा. पवना-इंद्रायणीवरची जलपर्णी आणि उजनीचं हिरवं पाणी आपण पाहतोच. तिथे जमीन नाही, नदी समोर आहे आणि विजेचा भार दोनशे घरांत वाटला जातो. तुमच्याकडे दहा गुंठे आहेत. तीन कप्प्यांची सेप्टिक टाकी, पुढे पाणी गाळायला कर्दळीचा वाफा, त्याचं पाणी उथळ चरांतून केळी आणि नारळाला. लाल मातीतलं लोह स्फुरद धरून ठेवतं, नत्र झाडं घेतात. बहुतेक तळ्यांत शेवाळ माजतं ते स्फुरदामुळे, म्हणून मातीचं हे काम फार मोलाचं.

अडचण नत्राची. नायट्रेट मातीत थांबत नाही, विहिरीत उतरतं. म्हणून चर विहीर-बोअरच्या वरच्या अंगाला नको, आणि पाण्यातलं नायट्रेट वर्षातून एकदा तपासा; पिण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पानशेतच्या पावसाळ्यात जमीन तुडुंब असते, तेव्हा वाफा उंच हवा आणि पागोळ्यांचं पाणी त्यात जायला नको. दमदार गवंडी मिळाला तर सगळं लाखाच्या आत बसावं. आणखी हौस असेल तर लघवी वेगळी साठवून पाणी मिसळून केळीला घाला: सांडपाण्याचा एक टक्का भाग, पण त्यात नत्राचा ऐंशी टक्के वाटा आणि निम्मं स्फुरद. घरातल्यांचं मत मात्र आधी घ्या.

हा लाखही एफडीतून नको. फ्लॅटचं डिपॉझिट आणि पहिल्या काही महिन्यांचं भाडं त्यासाठी ठेवा. टोकनचे २५ हजार ईमेलवर परत मागा, करार सही केला नसेल तर मिळण्याची आशा आहे. नाही मिळाले तर त्यांच्यामागे साडेचार लाख पाठवू नका.