डाव्या हाताला विचारा

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. तरुणपणी पेटी वाजवायचो. गेल्या वर्षी मुलाने डिजिटल पियानो घेऊन दिला. सध्या जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला पहिला प्रेल्यूड (छोटी प्रास्ताविक रचना) बसवतोय. नोटेशनवर लय लिहिलेलीच नाही. शिक्षक मेट्रोनोम मिनिटाला ११२ ठोक्यांवर लावायला सांगतात, रेकॉर्डिंगमध्ये मात्र कुणी जवळजवळ निम्म्या लयीत वाजवतं. खरी लय कोणती? आणि पांढरी एकची पट्टी, सगळे शुद्ध स्वर. म्हणजे बिलावल समजून प्रसन्न वाजवायचा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : लय लिहिलेली नाही, कारण बाखने ती लिहिलीच नाही. हा प्रेल्यूड १७२२च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहातला. त्यात २४ प्रेल्यूड आणि २४ फ्यूग (एकच धून पाठोपाठ अनेक आवाजांत येणाऱ्या रचना) आहेत, पण लयीचे शब्द अगदी मोजक्या ठिकाणी. लगेच पुढच्या सी मायनर प्रेल्यूडच्या शेवटाकडे प्रेस्टो, अडाजिओ, अलेग्रो असे तीन शब्द आहेत. तुमच्या प्रेल्यूडवर एकही नाही. बाख १७५०मध्ये गेला, मेट्रोनोम त्यानंतर साठेक वर्षांनी आला. आकडे घातले ते पुढच्या संपादकांनी, पियानोशिक्षक चेर्नीने १८३७च्या आवृत्तीत घातले तसे. तुमच्या शिक्षकांचा आकडा त्या परंपरेतला आहे, त्याला आधार नाही असं मी म्हणणार नाही. पण मला तो घाईचा वाटतो.

तुम्ही पेटीवाले आहात, म्हणून पेटीच्या भाषेत सांगते. उजव्या हाताचे सोळांश (पाव मात्रेचे स्वर) विसरा. प्रत्येक बारचे (चार मात्रांच्या तुकड्याचे) स्वर एकत्र दाबून एकच कॉर्ड धरा आणि सर्वांत खालचा स्वर गा. पांढरी एक सा धरलात तर पहिल्या १९ बारांत मिळेल : सा सा नी सा, सा सा नी नी, ध रे प प, म म ग ग, रे प सा. मध्य सप्तकातून मंद्र सा पर्यंतची ही एक सावकाश उतरण आहे. ती गाताना ज्या लयीत श्वास सुखाने पुरतो, ती तुमची लय. माझी ७०च्या आसपास येते. एकूण ३५ बार, १४० मात्रा. म्हणजे बरोबर दोन मिनिटं. ११२वर सव्वा मिनिटात सगळं संपतं आणि उतरण कानाला लागतच नाही. उलट फार विलंबित घेतलंत तरी ती तुटते. पियानोत हार्प्सिकॉर्डचा (पियानोआधीच्या तारवाद्याचा) टोन असेल तर तो लावून बघा : सूर लवकर विरतो, फार संथ घेतलंत तर खर्ज फिका पडतो.

बिलावलचं म्हणाल तर शुद्ध स्वर पहिल्या पाच बारपुरतेच. सहाव्यात तीव्र मध्यम येतो, बाराव्यात कोमल निषाद आणि कोमल ऋषभ एकत्र. खरी जागा पुढे आहे. २१व्या बारमध्ये खर्जात म, २२व्यात तीव्र म, २३व्यात कोमल ध आणि मग २४व्यात पंचम. काळी तीन खालून, काळी चार वरून. दोन्ही बाजूंनी घेरून मग प सापडतो. तो पुढे आठ बार हलत नाही, तंबोऱ्याच्या पहिल्या तारेसारखा. त्याच्यावर सगळी ओढाताण चालते. ३२व्या बारला सा परत येतो, तोही कोमल निषाद डोक्यावर घेऊन. स्वस्थता येते ती फक्त शेवटच्या बारला. म्हणून ‘प्रसन्न’ हा शब्द मला अपुरा वाटतो. कुणाची तरी वाट बघत शांत बसलेल्या माणसाचा हा भाव आहे.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. कॉलेजात असताना मी अप्पा बळवंत चौकातून एक जुनी प्रत घेतली होती. तिच्यात २२व्या बारनंतर खर्जात पंचम असलेला एक जादा बार होता. बाखच्या पश्चात तो कुणीतरी घुसवलेला, श्वेंके या संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो. याच प्रेल्यूडवर रचलेल्या, फ्रेंच संगीतकार गुनोच्या ‘आवे मारिया’तही तोच आहे. मला ते ठाऊक नव्हतं, अकरा वर्षं मी तसंच वाजवत होते. तीव्र म मधून थेट कोमल ध वर जाण्याआधीच पंचम हाती लागत असे, आणि पुढे खरा प आला की त्याचं काहीच वाटायचं नाही. दोष लयीत आहे समजून मी लयच बदलत राहिले.

तुमची प्रत उघडा, बार मोजा. ३६ भरले तर तेविसावा पेन्सिलीने खोडा आणि २१पासून फक्त डावा हात वाजवून बघा.